जागल्यांचा ठराव आणि जागल्यांचा कायदा : नागपुरातल्या कर्मचाऱ्याला आज कोणता लागू आहे?

जागल्या म्हणजे गैरव्यवहार उघड करणारा, इंग्रजीत 'व्हिसलब्लोअर'. सरकारी कार्यालयांत गैरव्यवहाराच्या तक्रारीचा विषय निघाला की कोणीतरी सांगतंच, "कायदा आहे ना, नाव गुप्त राहतं." या बोलण्यात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र झाल्या आहेत. नाव गुप्त ठेवण्याची जी सोय आज प्रत्यक्ष चालू आहे ती कायद्याने दिलेली नाही. ती केंद्र सरकारच्या २१ एप्रिल २००४ च्या एका ठरावाने दिलेली आहे. आणि ज्याला लोक कायदा म्हणतात तो जागल्या संरक्षण कायदा २०१४ मध्ये संसदेत मंजूर झाला, ९ मे २०१४ ला राष्ट्रपतींची संमतीही मिळाली, पण तो अंमलात आणणारी अधिसूचना निघालेली नाही.

ठरावामागे एक खून आहे. सत्येंद्र दुबे हे राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणातले तरुण अभियंता. सुवर्ण चतुर्भुज प्रकल्पातल्या गैरप्रकारांबद्दल त्यांनी थेट पंतप्रधान कार्यालयाला लिहिलं आणि आपलं नाव उघड करू नये अशी विनंती केली. ते पत्र नावासकट या टेबलावरून त्या टेबलावर फिरलं. २७ नोव्हेंबर २००३ ला गयेत त्यांना गोळ्या घालण्यात आल्या. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे आलं आणि मग सरकारने हा ठराव काढला. विधी आयोगाने अशा कायद्याची शिफारस २००१ मध्येच, आपल्या १७९व्या अहवालात केली होती. ती तेव्हा मानली गेली असती तर, हा विचार मनातून जात नाही.

ठरावाची पद्धत नीट समजून घ्यावी, कारण चूक बहुधा लखोट्यावरच होते. तक्रार बंद लखोट्यात केंद्रीय दक्षता आयोगाच्या सचिवांच्या नावे पाठवायची आणि लखोट्यावर 'पीआयडीपीआय' (ठरावाच्या 'पब्लिक इंटरेस्ट डिस्क्लोजर अँड प्रोटेक्शन ऑफ इन्फॉर्मर्स' या इंग्रजी नावाचं लघुरूप) असं ठळक लिहायचं. पाठवणाऱ्याचं नाव-पत्ता लखोट्यावर नको. ते आतल्या पत्राच्या सुरुवातीला किंवा शेवटी हवं, कारण निनावी तक्रार घेतली जात नाही. तक्रारीच्या मजकुरात "मी तेव्हा अमुक शाखेत होतो" अशी ओळख पटवणारी वाक्यं टाळायची. ईमेल चालत नाही. पोच मिळत नाही, आणि ती मिळत नाही हे आपल्याच हिताचं आहे. सर्वात महत्त्वाचं म्हणजे त्याच तक्रारीच्या प्रती मंत्री, खासदार आणि वर्तमानपत्रांना पाठवल्या तर हे संरक्षण राहत नाही. आपल्याकडे 'प्रत माहितीसाठी सादर' लिहिण्याची सवय इतकी मुरलेली आहे की हे पुन्हा पुन्हा सांगावं लागतं.

पण हा ठराव फक्त केंद्राच्या अखत्यारीतल्या कार्यालयांबद्दलच्या तक्रारींसाठी आहे, आणि नागपुरात ही मर्यादा जितकी टोचते तितकी क्वचितच कुठे टोचत असेल. वेस्टर्न कोलफिल्ड्सचं मुख्यालय इथे आहे, मँगनीज काढणाऱ्या मॉइल कंपनीचं इथे आहे, रेल्वेची दोन विभागीय कार्यालयं आहेत, आयकर खातं आहे. तिथल्या गैरव्यवहाराबद्दल लिहिणाऱ्याला हा लखोटा उपलब्ध आहे. त्याच शहरात जिल्हाधिकारी कार्यालय, महापालिका, नागपूर सुधार प्रन्यास आणि विदर्भ पाटबंधारे विकास महामंडळही आहे. तिथला लिपिक किंवा शाखा अभियंता खोट्या मोजमापावर निघालेलं बिल पाहतो तेव्हा त्याच्यासाठी दिल्लीतला हा लखोटा नसतो. राज्य सरकारचे कर्मचारी आणि राज्याची महामंडळं ठरावाच्या कक्षेतच नाहीत.

२०१२ मध्ये जलसंपदा खात्याचे मुख्य अभियंता विजय पांढरे यांनी सिंचन प्रकल्पांतल्या अनियमिततेबद्दल मुख्यमंत्री आणि राज्यपालांना पत्र लिहिलं. पत्राने राज्य हादरलं. विदर्भातल्या माणसाला गोसीखुर्दचं पाणी आणि खर्च यांचा हिशेब वेगळा समजावून सांगायला नको. पांढरे राज्याच्या सेवेत होते, म्हणजे ठराव त्यांना लागू नव्हता आणि कायदा तर झालेलाच नव्हता. ते जे बोलले ते स्वतःच्या हिमतीवर.

२०१४ चा कायदा नेमका इथे उपयोगी पडला असता. त्यात राज्यांचे कर्मचारी येतात. तक्रारदाराची ओळख फोडणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपर्यंत दंड आहे, तर ठरावात अशा माणसावर चालू नियमांखाली कारवाई एवढंच. मला सर्वात मोलाची वाटते ती पुराव्याच्या जबाबदारीची तरतूद. तक्रारीनंतर बदली किंवा निलंबन झालं तर तो सूड नाही हे खात्याने सिद्ध करायचं, कर्मचाऱ्याने नाही. आज राज्य कर्मचाऱ्याला २००५ च्या बदल्यांच्या कायद्याचा आधार घेऊन मॅटच्या (महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाच्या) नागपूर खंडपीठापुढे जावं लागतं आणि वरिष्ठांच्या मनातला आकस स्वतः दाखवून द्यावा लागतो. फायली खात्याकडे, पुरावा मागायचा याच्याकडून. (बदलीची धमकी देताना गडचिरोलीचंच नाव घेतलं जातं, हा तिथे मनापासून काम करणाऱ्यांचा आणि तिथल्या लोकांचा अपमान आहे.)

तरीही कायदा आहे तसा लागू करून भागणार नाही. 'छळ' म्हणजे काय याची व्याख्याच त्यात नाही. गोपनीय अहवाल खराब करणं, काम काढून घेऊन रिकाम्या टेबलावर बसवणं, निवृत्तीच्या तोंडावर विभागीय चौकशी लावणं, हे सगळं नाव घेऊन लिहायला हवं. राज्यातल्या मंत्र्याविरुद्धची तक्रार कायद्यानुसार मुख्यमंत्र्यांकडे जाते. ज्यांच्या मंत्रिमंडळातला माणूस, त्यांच्याकडेच! इतर तक्रारींसाठी राज्य सरकार आपलाच अधिकारी नेमू शकतं. खोटी तक्रार जाणूनबुजून करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आहे. हेतू योग्य असेल, पण तपास करणाराच स्वतंत्र नसेल तर 'खोटी' ठरवणार कोण?

आणि दुरुस्ती म्हणून २०१५ मध्ये जे आणलं गेलं त्याची दिशा उलटी होती. माहिती अधिकार कायद्यातल्या अपवादांच्या धर्तीवर दहा प्रकारची माहिती उघड करायलाच मनाई, आणि कार्यालयीन गुपितं कायद्यापासूनचं संरक्षणही काढून घेतलेलं. ते विधेयक लोकसभेत मंजूर झालं, राज्यसभेत अडकलं आणि २०१९ मध्ये लोकसभा विसर्जित होताच संपलं. ते परत येऊ नये.

केंद्राने २००४ मध्ये संसदेची वाट न पाहता ठरावाने ही सोय केली होती. राज्यालाही शासन निर्णयाने ती करता येते. लखोटा घेणारं कार्यालय खात्याच्या बाहेरचं हवं, सहा महिन्यांत निर्णयाचं बंधन हवं आणि तक्रार प्रलंबित असताना त्या कर्मचाऱ्याची बदली त्या कार्यालयाच्या लेखी संमतीशिवाय होता कामा नये. हिवाळी अधिवेशनासाठी दरवर्षी सगळं मंत्रिमंडळ नागपुरात असतं. कर्मचारी संघटनांनी वेतनाच्या मागण्यांच्या निवेदनात ही मागणीही पहिल्या पानावर घालावी.