काळ्या वडीतला अवरक्त आरसा

1987 च्या जानेवारीत अमेरिकेतील अलाबामा राज्यात वू माव-क्वेन यांच्या प्रयोगशाळेत यिट्रियम, बेरियम आणि तांबे यांच्या ऑक्साइडची एक वडी भट्टीतून निघाली. तिचा विद्युतरोध 93 केल्विनला, म्हणजे उणे 180 अंश सेल्सिअसला, झपाट्याने घसरू लागला. वडी दिसायला हिरवट होती, कारण तिच्यात दोन पदार्थ मिसळलेले होते. हिरवा होता तो निरोधक आणि काळा होता तो अतिसंवाहक, म्हणजे पुरेसा थंड केल्यावर विरोधाशिवाय वीज वाहून नेणारा. प्रकाशाने या पदार्थांबद्दल दिलेली पहिली साक्ष ही अशी साध्या डोळ्यांना दिसणारी होती.

हा काळा रंग मात्र फसवा आहे. दृश्य प्रकाशाचा फारच थोडा भाग परत पाठवणारा हा स्फटिक सुमारे 1 इलेक्ट्रॉन-व्होल्टहून कमी ऊर्जेच्या अवरक्त प्रकाशाला धातूसारखा आरसा वाटतो. हे आरसेपण येते ते तांबे आणि ऑक्सिजन यांच्या सपाट थरांतून फिरणाऱ्या विद्युतभारांमुळे. याच कुळातील लँथॅनम कॉपर ऑक्साइडमध्ये, त्यात काही मिसळले नसेल तर, असे मोकळे भार नसतात, त्यामुळे साधारण 2 इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या खाली त्याचे थर प्रकाश फारसा शोषत नाहीत. त्यात स्ट्राँशियम मिसळत गेले, की वरच्या ऊर्जेचे शोषण कमी होते आणि तेवढेच अवरक्त भागात उगवते. शोषणाची एकूण बेरीज कायम राहते, फक्त तिची जागा बदलते.

हाच हिशेब थंड स्फटिकाला लावला, की मोठी गंमत दिसते. अतिसंवाहक अवस्थेत कमी कंप्रतेच्या शोषणाचा काही भाग गायब होतो. बेरीज मोडता येत नसल्यामुळे तो शून्य कंप्रतेवर, म्हणजे विरोधाशिवाय वाहणाऱ्या प्रवाहात, जमा झाला असे मानावे लागते. या हरवलेल्या क्षेत्रफळावरून चुंबकीय क्षेत्र पदार्थात किती खोल शिरते तेही काढता येते. यिट्रियमच्या संयुगात ही खोली सुमारे 150 नॅनोमीटर आहे.

असे मोजमाप वाचायला सोपे वाटते, करायला तसे नाही. स्फटिक जेमतेम मिलिमीटरभराचा, पृष्ठभाग खडबडीत, आणि परावर्तन आधीच शंभर टक्क्यांच्या इतके जवळ, की एका टक्क्याच्या चुकीने निष्कर्ष उलटावा. कॅनडातील टॉम टिमुस्क यांच्या गटाने त्यावर वापरलेला उपाय मला फार आवडतो. आधी स्फटिकाचे परावर्तन मोजायचे, मग निर्वात पात्रातून न काढता त्याच स्फटिकावर सोन्याचा पातळ मुलामा चढवायचा आणि पुन्हा मोजायचे. सोन्याचे परावर्तन माहीत असते, त्यामुळे भागाकार करताच खडबडीतपणाचा दोष निघून जातो.

सुरुवातीच्या वर्षांत घोटाळा झाला तो मात्र वेगळ्याच कारणाने. शिसे किंवा कथिल यांसारख्या जुन्या अतिसंवाहकांत इलेक्ट्रॉनांची जोडी फोडायला ठरावीक ऊर्जा लागते आणि त्याहून कमी ऊर्जेचा प्रकाश शोषलाच जात नाही. लँथॅनम-स्ट्राँशियम संयुगाच्या सिरॅमिक वड्यांत तापमान उतरताच दूरच्या अवरक्त भागात परावर्तनाची तीव्र कड, म्हणजे परावर्तन एकदम वाढण्याची जागा, दिसली, तेव्हा तीच ही ऊर्जा-फट असावी असे अनेकांना वाटले. पण वडीत कण हवे तसे वळलेले असतात, आणि प्रकाशाला थरांच्या बाजूबरोबरच थरांना काटकोनातील दिशाही एकाच वेळी दिसते. पुढे जपानमध्ये तामासाकू, नाकामुरा आणि उचिदा यांनी 1992 मध्ये एकसंध स्फटिकावर ही दुसरी दिशा वेगळी काढून पाहिली. त्या दिशेने स्फटिक एरवी निरोधकासारखा वागतो. अतिसंवाहक होताच मात्र इलेक्ट्रॉनांच्या जोड्या मधले निरोधक थर ओलांडून एका लयीत इकडून तिकडे होऊ लागतात. जोसेफसन प्लाझ्मा म्हणतात ती ही लय, आणि तिच्यापेक्षा कमी कंप्रतेचा, म्हणजे सुमारे 200 मायक्रोमीटरहून अधिक तरंगलांबीचा प्रकाश स्फटिक परत फेकू लागतो.

ही कड आता साक्षीदार म्हणून वापरली जाते. 2011 मध्ये आंद्रेआ कावाल्लेरी यांच्या गटाने 10 केल्विनला अतिसंवाहक नसलेल्या एका कॉपर ऑक्साइडवर मध्य-अवरक्त लेसरचा क्षणिक झोत टाकला, आणि एक-दोन पिकोसेकंदांतच (पिकोसेकंद म्हणजे सेकंदाचा एक लाख कोटीवा भाग) परावर्तनात तशीच कड उमटली. तिच्यावरून झोताने अतिसंवाहकता जागी केली असा अर्थ त्यांनी काढला. इतक्या अल्पकाळात रोध मोजणे अवघड असल्यामुळे तो अर्थ मान्य करावा की नाही यावर अजून वाद चालू आहे.