क्रॉस काढला, मग हातात काय दिलं? दोन तुर्की भयपट

जुन्या तुर्की भयपटांचा विषय निघाला की दोन नावं हमखास जोडीनं येतात: 'द्राकुला इस्तानबुलदा' (१९५३) आणि 'शेयतान' (१९७४). दोन्ही तुटपुंज्या पैशांत उरकलेले, दोन्हींची कथा पश्चिमेकडून उचललेली. मग दोघांवर 'तुर्की नक्कल' हा एकच शिक्का बसतो. मला तो अन्यायाचा वाटतो. फरक ओळखायची माझी खूण सोपी आहे: मूळ कथेतला क्रॉस काढून पात्रांच्या हातात काय दिलंय ते बघायचं.

'द्राकुला इस्तानबुलदा'त पात्रांच्या हातात दिलाय लसूण. बस, तेवढंच. कुराण नाही, दुआ नाही. हा सिनेमा अली रिझा सेय्फी यांच्या १९२८च्या कादंबरीवरून आला, आणि तिनं द्राकुलाला थेट व्लाद म्हणून ओळखलं होतं. माणसांना सुळावर चढवणारा हा व्लाद उस्मानी सुलतानाचा जुना वैरी. त्यामुळे तुर्की प्रेक्षकाला हे भूत परकं नव्हतंच. इतिहासातला शत्रू पुन्हा दारात उभा होता. कथाही व्हिक्टोरियन लंडनमधून उचलून पन्नाशीच्या दशकातल्या इस्तंबूलमध्ये आणली. ब्रॅम स्टोकरच्या मूळ इंग्रजी 'ड्रॅक्युला' कादंबरीतली नायिका मीना इथे गुझिन झाली, रंगमंचावर नाचणारी. आतिफ कापतान यांचा टकला, सुळेवाला द्राकुला किल्ल्याच्या भिंतीवरून पालीसारखा खाली उतरतो, ते दृश्य आजही अंगावर येतं. रूपांतर म्हणतात ते हेच.

'शेयतान' म्हणजे आपला सैतानच, शब्द तोच. सैतानानं झपाटलेली मुलगी आणि तिला सोडवणारे पाद्री यांचा 'द एक्झॉर्सिस्ट' १९७३च्या अखेरीस अमेरिकेत लागला आणि पुढच्याच वर्षी हा तयार. तेव्हा येशिलचाममध्ये, म्हणजे इस्तंबूलच्या सिनेमाधंद्यात, वर्षाला शेकड्यांनी चित्रपट निघत. घाई नवी नव्हती. दृश्यांमागून दृश्यं मुळावर बेतलेली, संगीतसुद्धा तिथलंच उचललेलं. चौकटी बघाल तर ही नक्कलच, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण दिग्दर्शक मेतिन एर्कसान होते, दहाच वर्षांपूर्वी बर्लिन चित्रपट महोत्सवाचा सर्वोच्च पुरस्कार, सुवर्ण अस्वल, जिंकलेले. म्हणून मी हा सिनेमा दुसऱ्यांदा नीट पाहिला.

इथे क्रॉसची जागा कुराण आणि मक्केतल्या पवित्र झमझम विहिरीच्या पाण्यानं घेतली आहे. नुसती वस्तूंची अदलाबदल असती तर मी एवढं लिहिलं नसतं. खरी गंमत तरुण पाद्र्याच्या बदलात आहे. मूळ कथेत तो श्रद्धा डळमळलेला धर्मगुरू. इथे तुरुल बिल्गे हा शिकलेला, विज्ञान मानणारा माणूस, सैतानावर पुस्तक लिहिलेला. त्याच्याकडे गमवायला श्रद्धा नाहीच. झपाटलेली गुलसुद्धा श्रीमंत, पाश्चात्त्य वळणाच्या घरातली, जिथे धर्माचं नाव निघत नाही. हे घर आणि हा माणूस दोघेही हळूहळू धर्माच्या जुन्या दाराशी येऊन पोचतात, आणि शेवटी गुल आईबरोबर मशिदीत जाते.

म्हणजे कथा मोकळेपणानं बदलणारा १९५३चा सिनेमा धर्माला हात लावत नाही, आणि चौकटीला चौकट लावणारा १९७४चा मात्र सगळा वाद धर्मावरच आणून ठेवतो. दोन्ही पाहायचे तर आधी द्राकुला पाहा. त्या लसणानंतर झमझमची बाटली निघते, तेव्हा मधली एकवीस वर्षं जाणवतात.