मल्चिंग पेपरचे तुकडे मातीत मुरले कसे?

५ मिलिमीटरहून लहान प्लास्टिकच्या कणाला मायक्रोप्लास्टिक म्हणतात. हा शब्द रुळला तो २००४ मध्ये, ब्रिटनमधील रिचर्ड थॉम्पसन यांच्या समुद्रातील प्लास्टिकवरच्या अभ्यासामुळे. म्हणून सुरुवातीची चर्चा मासे, शिंपले आणि मिठाभोवतीच फिरली. शेतजमिनीकडे लक्ष बरेच उशिरा वळले.

शेतात प्लास्टिक मात्र त्याआधीच शिरले होते. अमेरिकेत केंटकी विद्यापीठाच्या एमरी एमर्ट यांनी १९४८ मध्ये काचेऐवजी पॉलिथिन लावून हरितगृह उभारले. पुढे पॉलिथिन जमिनीवरही अंथरले जाऊ लागले; हाच मल्चिंग पेपर, नावाला पेपर पण प्लास्टिकच. आपल्याकडे ते ठिबकच्या जोडीने आले. आज बेळगाव, चिकोडी, निपाणी भागात टोमॅटो, मिरची, ढबूच्या बेडवर (उंच वाफ्यावर) चंदेरी-काळा मल्चिंग पेपर दिसतो. ओल टिकते, तण दबते. फायदा खोटा नाही.

पाच फुटांवर बेड आणि चार फुटी, २५ मायक्रॉन जाडीचा पेपर धरला, तर एकरी ४०० मीटरचे साडेसहा-सात रोल लागतात. वजन सुमारे ७५ किलो. काढताना दहावा हिस्सा राहिला, तरी सात-साडेसात किलो प्लास्टिक मातीत गेले. दर हंगामाला!

उघडा भाग उन्हाने ठिसूळ होतो. मातीत दाबलेल्या कडा शाबूत असतात, पण वाळलेल्या जमिनीतून ओढल्या की तिथेच तुटतात. पुढच्या पिकाच्या घाईत वरून रोटाव्हेटर (माती भुसभुशीत करणारे ट्रॅक्टरचे अवजार) फिरला, की वेचता येण्याजोग्या तुकड्यांचा चुरा होतो. १५-२० मायक्रॉनचा स्वस्त पेपर तर काढायच्या आधीच चिंध्या झालेला असतो. झाडे बुडातून कापावीत, हलक्या ओलीवर दोन्ही कडांची माती मोकळी करावी, मग पेपर गुंडाळावा. बांधावर पेटवला तर वितळलेले गोळे मातीतच थिजतात.

कर्नाटकाने मार्च २०१६ मध्ये प्लास्टिकबंदी केली, पण तिचा रोख पिशव्या, ताटे, कप यांवर होता. अन्नातले मायक्रोप्लास्टिकचे कण तपासण्याच्या पद्धती ठरवण्याचा प्रकल्प एफएसएसएआयने (देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने) २०२४ मध्ये हाती घेतला.

बेळगाव शहरालगतच्या शिवाराचे दुखणे वेगळे आहे: बळ्ळारी नाला. शहराचे सांडपाणी वाहणारा हा नाला पावसाळ्यात फुगला, की पाणी थेट भातशेतीत पसरते. पॉलिएस्टरचे कपडे धुताना सुटणारे तंतू सांडपाण्यात असतातच. पाणी ओसरल्यावर ते गाळाबरोबर खाचरात बसतात. पेपर निदान गुंडाळता तरी येतो.