संग्राहक समुद्री अर्चिन

कंटकचर्मी संघातील, उष्ण कटिबंधातल्या उथळ समुद्रात राहणारा, आखूड काट्यांचा गोलसर प्राणी. शास्त्रीय नाव ट्रिप्न्यूस्टिस ग्राटिला. तांबडा समुद्र व पूर्व आफ्रिकेपासून हवाई बेटांपर्यंत त्याचा वावर आहे. भारतात तो लक्षद्वीपला आढळतो. समुद्रगवताची कुरणे आणि प्रवाळखडकांमधली वाळूची मोकळी जागा हे त्याचे घर. पूर्ण वाढलेल्याचा व्यास साधारण 10 सेंमी. किंवा थोडा जास्त भरतो.

पाण्यात डोके घालून पाहिले तरी तो चटकन नजरेस पडत नाही. दिसतो तो गवताची पाती, शिंपल्यांचे तुकडे आणि शेवाळ यांचा लहानसा ढीग. हे सामान तो नळीपायांच्या टोकांवरील चूषकांनी पाठीवर धरून ठेवतो. कडक उन्हापासून बचाव हे त्यामागचे एक कारण मानले जाते. ‘संग्राहक’ हे नाव या सवयीवरून पडले. जपानी लोक मात्र त्याच्या फिकट काट्यांकडे पाहून त्याला ‘शिराहिगे-उनी’, म्हणजे पांढऱ्या दाढीचा अर्चिन, म्हणतात.

तोंड खालच्या बाजूला असते. त्यातल्या पाच दातांच्या जबड्याला ॲरिस्टॉटलचा कंदील म्हणतात. दात झिजतात तसे जन्मभर वाढत राहतात. काट्यांच्या मधून बारीक विषारी चिमटे असतात. मासा टोचू लागला की हा प्राणी चिमट्यांची डोकी तोडून पाण्यात सोडतो आणि ती सुटी डोकीही चावत राहतात. कवचाच्या आत पाच जननग्रंथी चिकटलेल्या असतात. जपानी ‘उनी’ म्हणून खाल्ला जातो तो हाच भाग. या ग्रंथीत अंडी किंवा शुक्राणूंखेरीज अन्नाचाही साठा होतो, म्हणून चांगले खाल्लेल्या अर्चिनची ग्रंथी घट्ट आणि गोडसर लागते. प्रजननाची वेळ जवळ आली की ती मऊ पडून पाझरू लागते आणि तिचा भाव उतरतो.

नर-मादी वेगळे असले तरी बाहेरून ओळखू येत नाहीत. बीजोत्पादन केंद्रात, म्हणजे अर्चिनची पिल्ले तयार करतात तिथे, तोंडाभोवतीच्या मऊ पडद्यातून पोटॅशियम क्लोराइडचे इंजेक्शन देतात. काही मिनिटांतच माथ्यावरच्या पाच छिद्रांतून पांढरी धार आली तर नर, पिवळसर-नारिंगी आली तर मादी. फलनानंतर तयार होणारा डिंभ (अळी) काचेसारखा पारदर्शक असतो आणि लांब बाहूंच्या आधाराने तरंगतो. कीटोसेरॉससारख्या सूक्ष्म शैवालावर तो काही आठवडे, बहुधा महिनाभर, पोसला जातो. या काळात त्याच्या डाव्या अंगाला भावी अर्चिनची कळी वाढत असते. करंड शैवालाचा (डायाटमचा) थर चढलेल्या पत्र्यांवर डिंभ उतरला की कळी उलगडते, बाहू आक्रसतात आणि अर्ध्या मिलिमीटरचा काटेरी ठिपका उरतो. पहिले काही दिवस त्याला चालते तोंडच नसते. या नाजूक टप्प्यावर पिल्ले मोठ्या संख्येने मरतात आणि केंद्राची खरी कसोटी इथेच लागते.

हवाईत मात्र ही पिल्ले खाण्यासाठी वाढवत नाहीत. तिथल्या कानेओहे उपसागरात 1970 च्या दशकात लागवडीसाठी आणलेले कॅपाफायकस हे परके शैवाल प्रवाळांवर पसरून त्यांना गुदमरवू लागले. 2011 पासून राज्याच्या केंद्रात वाढवलेले अर्चिन तिथे सोडले जातात. पाणबुडे आधी मोठ्या नळीने शैवाल ओढून काढतात, मागे राहिलेले अर्चिन चरून साफ करतात.

संवर्धनाचा सर्वांत बोलका धडा फिलिपिन्समधल्या बोलिनाओचा आहे. लुझोन बेटाच्या वायव्य किनाऱ्यावर, पांगासिनान प्रांतात, जपानच्या मागणीमुळे अर्चिनची बेसुमार पकड झाली आणि 1992 मध्ये मासेमारी कोसळली. नुसते पकडणे थांबवून हा प्राणी परत येत नाही. फलन उघड्या पाण्यात होते. नर-मादी काही मीटर दूर असले तरी शुक्राणू पाण्यात विरून जातात. म्हणजे विरळ उरलेले प्राणी जिवंत असूनही निपुत्रिक राहतात. फिलिपिन्स विद्यापीठाच्या सागरी विज्ञान संस्थेने म्हणूनच पिल्ले तयार करून स्थानिक मच्छीमार कुटुंबांना दिली. तिथल्या शास्त्रज्ञ मारी अँटोनेट हुइनियो-मेनेझ यांचे नाव या कामाशी जोडलेले आहे. कुटुंबांनी ती उथळ पाण्यातल्या जाळीच्या पिंजऱ्यांत ठेवली आणि सारगॅसम खाऊ घालून वाढवली. हे शैवाल आपल्या मालवणच्या खडकांवरही उगवते.

पिंजरा कुटुंबाच्या मिळकतीचा असला तरी त्याचा मोठा लाभ समुद्राला होतो, आणि तोच अधिक मोलाचा मानायला हवा. विक्रीयोग्य होईपर्यंत अर्चिन वयात येतात, आणि एकमेकांना खेटून असल्यामुळे त्यांची अंडी फलित होतात. डिंभ जाळीतून निसटून प्रवाहाबरोबर आसपासच्या गवताळ कुरणांकडे जातात.