विटेचे वय विटेत नसते

आमच्या वस्तीतील एका निवृत्त गृहस्थांच्या दिवाणखान्यात तळहाताएवढा विटेचा एक तुकडा मांडून ठेवलेला आहे. पवनीच्या जगन्नाथ टेकडीवरून त्यांनी तो काही वर्षांपूर्वी उचलून आणला, आणि परवा त्यांनी मला विचारले, "याचे कार्बन डेटिंग नागपुरात कुठे करून मिळेल?" जुन्या वस्तूची बातमी आली की हाच प्रश्न हमखास निघतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

नागपूरहून उमरेड-भिवापूर रस्त्याने गेले की वैनगंगेकाठी पवनी लागते. तेथील जगन्नाथ टेकडीच्या पोटात बौद्ध स्तूप दडलेला आहे, हे १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी केलेल्या उत्खननातून पुढे आले. स्तूपावर माती चढली, मातीवर जगन्नाथाचे देऊळ उभे राहिले आणि खालच्या वास्तूची ओळख पुसली गेली. येथील एका शिल्पात फणा उभारलेला नाग आहे आणि मुचलिंद हे त्याचे नाव ब्राह्मी अक्षरांत कोरलेले आहे.

आता कार्बनविषयी. सजीव जगत असेतो हवेतून किंवा अन्नातून कार्बन-१४ घेत राहतो. मेल्यावर हा पुरवठा थांबतो आणि असलेला साठा दर ५,७३० वर्षांनी निम्मा होतो. विटेची माती कधी जिवंतच नव्हती. तीत तूस किंवा कोळसा अडकून राहिला असेल तर त्याचे वय निघेल, विटेचे नव्हे. कोरीव दगडाचे तर त्याहून अवघड आहे, कारण त्याच्या कणांचे वय कोट्यवधी वर्षांचे असते आणि छिन्नी कधी चालली हे ते सांगत नाहीत. तेथे अक्षरांचे वळणच उपयोगी पडते.

विटेसाठी जी पद्धत आहे ती मला विलक्षण आवडते. तिचे नाव थर्मोल्युमिनेसन्स, म्हणजेच तापदीप्ती. मातीत क्वार्ट्‌झचे बारीक कण असतात, आणि युरेनियम, थोरियम व पोटॅशियम-४० हे किरणोत्सारी घटकही अत्यल्प प्रमाणात असतात. त्यांच्या प्रारणामुळे कणांतील इलेक्ट्रॉन जागचे हलतात आणि स्फटिकरचनेतील दोषांमध्ये, जणू खड्ड्यांत, अडकून पडतात. विटभट्टीत वीट ५०० अंश सेल्सिअसच्या वर तापली की हे सारे खड्डे रिकामे होतात, आणि वीट थंड झाल्या क्षणापासून ते पुन्हा भरू लागतात. प्रयोगशाळेत विटेच्या आतल्या भागाची भुकटी मंद लाल उजेडात वेगळी करून तापवली की सुटलेले इलेक्ट्रॉन साठवलेली ऊर्जा क्षीण प्रकाशाच्या रूपाने सोडतात. तीच भुकटी लगेच दुसऱ्यांदा तापवली तर ही दीप्ती दिसत नाही, केवळ तापल्याची लाली दिसते. ठाऊक मात्रेचे प्रारण देऊन या प्रकाशाचे मोजमाप बसवले की एकूण साठलेली मात्रा कळते. तिला वार्षिक मात्रेने, म्हणजे एका वर्षात साठणाऱ्या मात्रेने, भागले की वय मिळते. समजा साठलेली मात्रा ६.६ ग्रे निघाली आणि हजार वर्षांना ३ ग्रे हा दर असला, तर वीट २,२०० वर्षांपूर्वी भाजलेली ठरते. (ग्रे म्हणजे प्रत्येक किलोग्रॅमने शोषलेली एक जूल ऊर्जा.)

मेख आहे ती वार्षिक मात्रेत. तिचा मोठा भाग विटेतूनच येतो, परंतु गॅमा किरण भोवतालच्या साधारण ३० सेंटिमीटर मातीतून येतात, आणि माती ओली असेल तर पाणी त्यांतले काही शोषून घेते. शिवाय या पद्धतीत ५ ते १० टक्क्यांची चूक सहज राहते. दोन हजार वर्षांच्या विटेत ती १०० ते २०० वर्षांची होते. म्हणजे वीट अशोकाच्या काळातली की शुंगांच्या, याचा निवाडा केवळ तापदीप्ती करू शकत नाही. असे असताना एखाद्या टेकाडाला 'शास्त्रज्ञांनी दहा हजार वर्षे जुने सिद्ध केले' असे संदेश मोबाइलवर फिरतात, त्यात पद्धत नसते आणि चूक किती असू शकते हेही नसते. त्याहून वाईट आहे ते गुप्तधनासाठी रात्री लिंबू-कुंकू वाहून केलेले खोदकाम. सोने सापडत नाही ते नाहीच, उलट थर एकमेकांत मिसळतात आणि पुढच्या मोजणीची शक्यताच संपते.

हे सारे सांगून मी शेजाऱ्यांना विचारले, की तुकडा मुळात चिणलेला होता की सुटा, आणि त्याच्याभोवती माती कोणती होती. त्यांनी तो खाली-वर करून पाहिला आणि म्हणाले, पायऱ्यांपाशी पडलेला होता बहुधा. की रस्त्याच्या कडेला, ते आता नीट आठवत नाही.