पानांच्या अर्कातून चांदीचे नॅनोकण: हे सगळं सुरू कुठून झालं?

हल्ली कुठल्याही झाडाचं नाव घ्या, त्याच्या पानांच्या अर्कातून चांदीचे नाहीतर सोन्याचे नॅनोकण (म्हणजे नॅनोमीटरमध्ये, मीटरच्या अब्जाव्या भागात मोजायचे कण) बनवल्याचा एखादा तरी पेपर सापडतोच, आणि शेवटी जंतुनाशक, कॅन्सरविरोधी वगैरे गुण लिहिलेलेच असतात. त्यामुळे ही मुळात औषधाचीच शाखा आहे असं वाटतं, पण तसं नाहीये, हे सगळं सुरू झालं केमिस्ट्रीतल्या एका कटकटीतून.

धातूचे अतिबारीक कण बनवणं नवीन नाही. मायकेल फॅरडेने 1857 मध्ये सोन्याच्या क्षारावर फॉस्फरसची प्रक्रिया करून माणकासारखा लाल द्रव बनवला आणि हा रंग सोन्याच्या बारीक कणांमुळेच येतो असं सांगितलं. 1951 मध्ये टर्केविचने सोन्याचा क्षार पाण्यात उकळून त्यात सायट्रेट (लिंबातल्या सायट्रिक ॲसिडचा क्षार) घालायची पद्धत नीट बसवली, ती आजही वापरात आहे, आणि खरं सांगायचं तर तीही काही फार विषारी नाही, हे 'ग्रीन'वाले, म्हणजे पर्यावरणपूरक म्हणून पानांपासून कण बनवणारे, सहसा सांगत नाहीत :) कटकट वाढली ती नंतर. 1994 मध्ये ब्रुस्ट आणि शिफ्रिन यांच्या पद्धतीत आणखी लहान, टिकाऊ कण मिळायला लागले पण त्यात टोल्युइन आणि सोडियम बोरोहायड्राइड ही विषारी रसायनं आली, मग शरीरात सोडायच्या कणांवर असलं काही चिकटून राहिलं तर काय करायचं हा प्रश्न आलाच. त्यात 1998 मध्ये अनास्तास आणि वॉर्नर यांनी ग्रीन केमिस्ट्रीची, म्हणजे घातक रसायनं टाळून केलेल्या केमिस्ट्रीची, 12 तत्त्वं मांडली आणि सगळ्यांना एक दिशा मिळाली.

गंमत म्हणजे पहिला नंबर झाडांचा नाही, जंतूंचा लागला. 1999 मध्ये चांदीच्या खाणीतून मिळालेला स्यूडोमोनास स्टुटझेरी नावाचा जीवाणू आपल्या पेशीत चांदीचे स्फटिक साठवतो हे दाखवलं गेलं. मग पुण्याच्या एनसीएलमध्ये (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) मुरली सस्त्री यांच्या ग्रुपने 2001 मध्ये व्हर्टिसिलियम बुरशीकडून चांदीचे कण बनवून घेतले, पण ते बुरशीतच अडकून बसले, म्हणजे बाहेर काढायचं काम वेगळंच, शिवाय बुरशी वाढवत बसा, दुसरं काही त्यात शिरू नये म्हणून सांभाळा. त्याच सुमारास अमेरिकेत गार्डिया-टोरेस्डे यांच्या ग्रुपने अल्फाल्फाच्या (लसूणघासाच्या) जिवंत रोपात सोन्याचे कण तयार होतात हे दाखवलं (2002). एनसीएलवाल्यांनी मात्र जिवंत रोपाची भानगडच ठेवली नाही, सरळ पानं उकळली. 2003 मध्ये जिरेनियम, 2004 मध्ये कडुनिंब आणि गवती चहा. गवती चहातून सोन्याचे चक्क त्रिकोणी पातळ कण निघाले!

करायचं काय, तर पानं धुवायची, चिरायची, पाण्यात थोडा वेळ उकळून गाळायची आणि तो अर्क सिल्व्हर नायट्रेटच्या पातळ द्रावणात घालायचा. आधी रंगहीन असलेलं द्रावण पिवळं होतं, मग तपकिरी, आणि स्पेक्ट्रोमीटरला (कुठल्या तरंगलांबीचा प्रकाश किती शोषला जातो ते मोजणारं यंत्र) 400 ते 450 नॅनोमीटरच्या आसपास शिखर दिसलं की कण झाले असं धरतात. पानातली पॉलिफेनॉल्स, फ्लेव्होनॉइड्स, साखरा वगैरे रसायनं चांदीच्या आयनांना इलेक्ट्रॉन देतात, त्यातून धातूची चांदी बनते, आणि अर्कातलेच काही रेणू कणांभोवती थर धरतात म्हणून ते एकमेकांना चिकटत नाहीत. एवढं सोपं असल्यावर पेपरांचा पूर येणारच ना. एक लक्षात घ्या, 'ग्रीन' काय ते अर्कापुरतं, सिल्व्हर नायट्रेट तेच राहतं.

औषधाचं म्हणाल तर चांदीचा इतिहास याहून जुना आहे, 1880 च्या दशकात क्रेडे या जर्मन डॉक्टरांनी जंतुसंसर्ग टाळायला नवजात बाळांच्या डोळ्यांत सिल्व्हर नायट्रेटचे थेंब घालायला सुरुवात केली होती आणि भाजल्यावर लावायचं सिल्व्हर सल्फाडायझिन 1960 च्या दशकातलं. त्यामुळे अर्कातून कण मिळाल्यावर लोकांनी ते लगेच जंतूंवर टाकून बघितले, त्यात नवल नाही. पण प्लेटवर जंतू मरणं आणि माणसाला औषध देणं यात लई अंतर आहे. चांदी शरीरात साठली की कातडी कायमची निळसर-करडी पडते, त्याला अर्जिरिया म्हणतात. आणि माझ्या मते खरी अडचण पानातच आहे: हंगाम बदलला, माती बदलली, पान कोवळं की जून यावर अर्कातली रसायनं बदलतात, मग कणांचा आकार आणि वरचा थरही बदलतो, आणि औषधाला तर प्रत्येक बॅच सारखीच लागते. म्हणून काही जण आता अख्खा अर्क सोडून त्यातला एकच शुद्ध रेणू, म्हणजे क्वेर्सेटिन किंवा गॅलिक ॲसिडसारखं काहीतरी, घेऊन तेच कण बनवून बघतात.