दात पुढे की जबडा पुढे?

‘हिचे दात जरा पुढे आहेत,’ असं आपण सहज म्हणून जातो. पण कित्येकदा दात मुळांशी सरळच असतात, पुढे आलेलं असतं ते त्यांना धरून ठेवणारं हाड. शरीररचनाशास्त्रात याला ‘प्रोग्नॅथिझम’ म्हणतात. ग्रीक भाषेत ‘प्रो’ म्हणजे पुढे आणि ‘ग्नॅथोस’ म्हणजे जबडा. संस्कृतात जबड्याला ‘हनु’ म्हणतात. आपली हनुवटी त्याच शब्दातली, आणि इंद्राच्या वज्राचा घाव जबड्यावर बसला म्हणून मारुती हनुमान झाला, ही कथा तर घरोघरी ठाऊक आहे.

पण पुढे म्हणजे कशाच्या पुढे? चेहऱ्याकडे नुसतं पाहून हे ठरवता येत नाही. दंतवैद्य डोक्याचा बाजूने एक्स-रे काढतात आणि कवटीच्या तळाच्या हाडापासून वरचा व खालचा जबडा किती पुढे आहे, ते कोनांत मोजतात. कधी खालचा जबडा नेहमीएवढाच असतो, पण वरचा खुजा राहिल्यामुळे खालचा पुढे आल्यासारखा दिसतो. दिसायला दोन्ही सारखेच, उपचार मात्र वेगळे.

खालचा जबडा पुढे असण्याचं गाजलेलं उदाहरण युरोपातल्या हॅब्सबर्ग राजघराण्याचं. या घराण्यात पिढ्यानपिढ्या जवळच्या नात्यात लग्नं होत. स्पेनचा राजा दुसरा चार्ल्स (1661–1700) याची आई ही त्याच्या वडिलांची सख्खी भाची होती. त्याला घास धड चावताही येत नसे.

एकोणिसाव्या शतकात काही युरोपीय अभ्यासकांनी ‘प्रोग्नॅथिझम’ हाच शब्द माणसांची उतरंड लावायला वापरला: जबडा जितका पुढे, तितका समाज ‘मागासलेला’. हे विज्ञान नव्हतंच. जबड्याच्या ठेवणीचा बुद्धीशी काडीचाही संबंध नाही. कीटकशास्त्रात तोंडाचे अवयव पुढच्या दिशेला असलेल्या मुंगीच्या डोक्यालाही हेच विशेषण लावतात, कारण शब्द फक्त दिशा सांगतो.

सात-आठ वर्षांच्या मुलाचे खालचे दात वरच्या दातांच्या पुढे येत असतील, तर दंतवैद्याला तेव्हाच दाखवावं. वरचा जबडा मागे राहिला असेल, तर चेहऱ्यावर लावायच्या साधनाने या वयात तो हळूहळू पुढे ओढता येतो. वाढ पूर्ण झाल्यावर तारा लावून दात सरकतात, हाड सरकत नाही. मग दोष मोठा असेल तर शस्त्रक्रियाच करावी लागते.